मामाचे दंड आणि बत्तीस पावलं

गेल्या वैशाखात सलग चार दिवस माझे दात माझ्या बायकोने घासले. मला काही आजार नव्हता, अपघातही झाला नव्हता. मी फक्त व्यायाम केला होता.

आता हे मुळापासून सांगायला हवं. माझी बहीण, म्हणजे आमची अक्का, राहात्याला दिलेली. तिच्या सासरी रीत अशी, की लग्नात नवरीला तिच्या मामाने उचलून बोहल्यापर्यंत न्यायचं. खोलीच्या उंबऱ्यापासून बोहल्यापर्यंत तिचा पाय जमिनीला लागता कामा नये. अक्काला भाऊ मी एकटा, त्यामुळे मामा बदलून मिळायची सोय नाही. तीन वर्षांपूर्वी थोरली भाची प्रियंका, तिच्या लग्नात मी तिला मोठ्या रुबाबात उचललं, चार पावलं टाकली आणि पाचव्याला "उतर गं बाई" म्हणून खाली ठेवलं. भटजींचा माईक नेमका जवळ होता, त्यामुळे ते तीन शब्द जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचले. व्हिडिओ शूटिंगवाल्याने त्याला मागून सनई लावली. प्रियंकाच्या लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी कोणीतरी ती क्लिप घरच्या ग्रुपवर टाकतं आणि खाली सगळे हसणारे चेहरे टाकतात. (पहिला चेहरा माझ्या बायकोचा असतो.)

तर आता धाकट्या ऋतुजाचं लग्न ठरलं. ही शेवटची भाची. लहानपणी दर उन्हाळ्यात ती आमच्याकडे सोनईला यायची आणि माझ्या दुकानातल्या पोत्यांच्या थप्पीवर चढून बसायची. उतरताना मात्र तिला मामाच लागायचा, दुसऱ्या कोणाचा हात चालायचा नाही. लग्न ठरल्यावर तिचा फोन आला. आधी हसत म्हणाली, "मामा, मला चार पावलांत उतरवायचं न्हाई हां." मी पण हसलो. मग म्हणाली, "ताई गाडीत रडली हुती त्या दिवशी. तुला कुनी सांगितलं न्हाई."

मला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. त्या क्लिपवर तीन वर्षं मीही सगळ्यांबरोबर हसत होतो. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतल्या जिमची पायरी चढलो.

जिम जावेदभाईची. माणूस दाराएवढा रुंद, पण आवाज असा मऊ, की रडतं पोर झोपावं. मी त्याला सगळं सांगितलं: वय सेहेचाळीस, काम खत-बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यामागे बसायचं, लग्नाला दोन महिने, भाचीचं वजन बावन्न किलो. (हे वजन बायकोने अक्काकडून गुपचूप काढलं होतं.) त्याने माझे दंड चाचपले. तोंडावर काही दिसू दिलं नाही, एवढा सभ्य माणूस. म्हणाला, आठवड्यातून तीन दिवस यायचं, पंचेचाळीस मिनिटं करायचं आणि घरी जायचं. मी विचारलं, एवढ्यानं होईल? तर म्हणाला, "शेठ, व्यायाम हितं व्हतो, पन ताकद घरी झोपल्यावर येती. झोप नीट घ्या."

आणि खोटं कशाला सांगू, फरक पडला. महिनाभरात पंचेचाळीस किलोचं युरियाचं पोतं उचलून मी दुकानाच्या दारापासून गोदामापर्यंत न्यायला लागलो. पहिल्यांदा नेलं तेव्हा मंगलला, म्हणजे बायकोला, मुद्दाम बोलावून दाखवलं. ती दोन हातांत दुधाच्या दोन किटल्या घेऊन उभी होती. बघून "बरं झालं" म्हणाली आणि किटल्या घेऊन डेअरीकडे गेली. तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

जिमच्या भिंतीवर एक तक्ता होता. कुठल्याशा मोठ्या बॉडीबिल्डरचा दिनक्रम त्यावर छापलेला. छातीचे वीस सेट, पाठीचे वीस सेट, नुसत्या दंडांचे चोवीस. रोज अडीच तास, आठवड्यातून सहा दिवस. शेजारी त्या माणसाचं चित्र होतं आणि त्याचा एकेक दंड माझ्या मांडीएवढा होता. मी हिशेब केला: पंचेचाळीस मिनिटांत पोतं उचलतोय, तर अडीच तासांत नवरी उचलून नवरदेवालाही दुसऱ्या हातात घेता येईल. जावेदभाईला विचारलं, तर तो म्हणाला की त्या माणसाला दुसरं काम नसतं. तो खातो, झोपतो आणि हेच करतो, वर त्याला पंधरा वर्षांची सवय आहे. मला वाटलं, हा मला कमी लेखतोय. तक्त्याचा फोटो काढून घेतला आणि गुपचूप त्याबरहुकूम सुरू केलं.

पाच दिवस चाललं. पहाटे पाचला जायचं, साडेसातला परत यायचं, आठला दुकान उघडायचं आणि नऊ वाजता गल्ल्यावर डोकं टेकून झोपायचं. एका गिऱ्हाइकाला कपाशीऐवजी बाजरीची पिशवी दिली. तो गावाच्या वेशीपासून परत आला म्हणून बरं. मंगलने दुकानात स्टूल आणून ठेवलं आणि माझ्यावर नजर ठेवायला बसली. त्यातच खरिपाची गर्दी सुरू झाली. सकाळी सहालाच शेतकरी बियाण्यांसाठी दारात उभे, मग अडीच तास आणायचे कुठून? पुढचे दहा-बारा दिवस जिमचं तोंडही पाहिलं नाही. आणि बघता बघता लग्न रविवारवर येऊन ठेपलं.

शुक्रवारी दुपारी मी जिममध्ये गेलो. जावेदभाई जुम्म्याच्या नमाजाला निघाला होता. माझ्यावर विश्वास टाकून तो म्हणाला, "शेठ, हलकं हलकं करा. परवा लगीन हाय तुमचं." म्हणजे भाचीचं, पण त्याच्यालेखी ते माझंच होतं. तो गेला, आणि मी भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभा राहिलो. जिममध्ये मी एकटाच. बारा दिवसांचं जे राहिलं होतं ते आत्ताच भरून काढायचं, असं त्या क्षणी मला अगदी शहाणपणाचं वाटलं.

दंडांचे चोवीस सेट झाले. मग मागच्या आठवड्याचे चोवीस. मध्ये छाती, मध्ये पाठ, आणि परत दंड, कारण उचलायचं दंडांनीच आहे ना! घाम इतका, की खालची रबराची चटई घसरायला लागली. आणि गंमत म्हणजे त्रास काहीच नाही. दंड टम्म फुगलेले. आरशात बघून मी स्वतःलाच नमस्कार केला. जावेदभाई नमाज पढून, घरी जेवून, वामकुक्षी काढून आला तेव्हाही माझं चालूच होतं. त्याने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या हातातलं वजन एखाद्या पोराच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसं हळूच काढून घेतलं. "काय केलं हो शेठ," एवढंच म्हणाला.

शनिवारी सकाळी उठलो तर दोन्ही हात कोपरात काटकोनात अडकलेले. सरळ होईनात, वर तोंडाशी जाईनात. ब्रश हातात धरता येत होता, पण तोंड आणि ब्रश यांच्यात वीतभर अंतर राहत होतं. तोंड पुढे नेऊन पाहिलं, तेव्हा मान धरली. शेवटी मंगलला हाक मारली. ती आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काही न विचारता ब्रश घेतला आणि म्हणाली, "आ करा."

दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तसाच गल्ल्यावर बसलो, कोणी हातात ताट देईल अशा बेताने. गोरखआबा युरिया न्यायला आले. हे आमचं जुनं गिऱ्हाईक. दरवर्षी मी त्यांना एकच सांगतो, की युरिया एकदम टाकू नका, तीन हप्त्यांत विभागून द्या, नाहीतर पीक जळतं. आबांनी माझे हात पाहिले. मंगलने त्यांना सगळी कथा सांगितली (मला वाटतं दुकानात जे येईल त्याला ती सांगत होती). आबा म्हणाले, "आमाला तर तुमी डोस इभागून द्या म्हनता. मंग सोताला एकदम कसा काय घातला?"

मी मंगलला आबांचं बिल करायला सांगितलं.

रविवारी मंगलने मला सदरा घातला, बटणं लावली, फेटा बांधून घेतला आणि गाडीत बसवलं. राहात्याच्या कार्यालयात पोचलो. दोन्ही हात पुढे काढून उभा असलेला माणूस बघितला, की लोक त्यात काहीतरी ठेवतात, हे मला त्या दिवशी कळलं. एकाने अक्षतांचं तबक ठेवलं. एका बाईंनी आहेराच्या तीन साड्या ठेवल्या. नवरदेवाच्या कुठल्याशा मावशीने "जरा धरा हो" म्हणून सहा महिन्यांचं बाळ ठेवलं आणि त्या जेवायला निघून गेल्या. ते बाळ माझ्याकडे बघून हसत होतं आणि मी घामाघूम होऊन मंगलला शोधत होतो. सहा किलोच्या बाळाने माझी ही गत, तर बावन्न किलोचं काय होणार?

इतक्यात माईकवर भटजी म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

बाळ मंगलने घेऊन ज्याचं त्याला दिलं आणि आम्ही दोघं नवरीच्या खोलीत गेलो. ऋतुजा शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बसलेली. ती इतकी छान दिसत होती, की तिला हे सांगायचं जिवावर आलं. पण सांगणं भागच होतं. म्हटलं, पोरी, मामाने घोळ घातलाय. तुला उचलायचं म्हणून जास्तीचा व्यायाम केला आणि हात अडकून बसले. सरळच होत नाहीत. तू चालत चल, मी सगळ्यांची माफी मागतो, क्लिप निघाली तर निघू दे.  दोन महिने राबून मी तिला तिच्या बहिणीइतकीही पावलं नेऊ शकणार नव्हतो.

ऋतुजाने माझ्या काटकोनातल्या हातांकडे पाहिलं. हसली नाही. उठून जवळ आली आणि म्हणाली, "मामा, सरळ कशाला पायजेत? मला घ्यायला वाकडेच हात लागत्यात."

मी मंगलकडे बघितलं. मंगलने पदर खोचला. म्हणाली, "तुमी हात हायेत तसे ऱ्हाऊ द्या. मी खालून हाय." ती माझ्या बाजूला चिकटून उभी राहिली आणि तिने आपले दोन्ही हात माझ्या हातांखालून घातले. ऋतुजा बसली. माझ्या तोंडून 'आई गं' निघणार होतं, पण वजन आलंच नाही. सगळं खाली मंगलच्या हातांवर गेलं. मी शेजारी बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर रेघही हललेली नव्हती. वीस वर्षं दोन वेळा धारा काढणं, किटल्या वाहणं आणि म्हशींच्या आंबोणाच्या बादल्या उचलणं, हे सगळं त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी हे रोज बघत होतो आणि बघत नव्हतो.

खोलीपासून बोहल्यापर्यंत बत्तीस पावलं आहेत. मी मोजली. पाचव्या पावलाला सगळ्या मंडपाचा श्वास अडकला. पहिल्या रांगेत प्रियंका उभी होती, तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते. सहावं पडलं, सातवं पडलं, आणि मागून कोणीतरी शिट्टी वाजवली. मंगल दबक्या आवाजात म्हणाली, "तुमी नुसतं हसत ऱ्हा." मी हसत राहिलो. पण विसाव्या पावलाच्या आसपास ऋतुजाने लहानपणी पोत्यांवरून उतरताना ठेवायची तसं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं, आणि मला रडू फुटलं. डोळे पुसायला हात नव्हता. तिनेच शेल्याने माझे डोळे पुसले, आणि बत्तिसाव्या पावलाला आम्ही तिला बोहल्यावर उतरवलं. तिचा पाय जमिनीला लागला नाही.

खाली आलो तर प्रियंका समोर उभी. मी म्हटलं, तुझ्या वेळचं राहून गेलं पोरी. मला कोणी सांगितलं नाही, पण मीही कधी विचारलं नाही. तिने वाकून मला आणि मामीला नमस्कार केला, आणि म्हणाली की घरच्या ग्रुपवरून ती क्लिप आता काढून टाकते. मंगल म्हणाली, "ऱ्हाऊ दे. एकट्यानं उचलल्याली तेवढी एकच हाय ह्यांची."

सध्या मी आठवड्यातून तीन दिवस, पंचेचाळीस मिनिटं, एवढंच करतो. जावेदभाईने भिंतीवरचा तो तक्ता काढला आणि त्या जागी आमचा ऋतुजाच्या लग्नातला फोटो चौकट करून लावला. फोटो समोरून काढलेला आहे. त्यात शालूखाली चार हात दिसतात, आणि त्यातल्या दोन हातांत डझन डझन बांगड्या आहेत. परवा मी घाम पुसत बसलो असताना एक नवीन पोरगा त्या फोटोसमोर उभा राहिला. त्याने जावेदभाईला विचारलं, ही बाई किती सेट मारती? जावेदभाई म्हणाला, दोनच, एक सकाळच्या धारेला आणि एक संध्याकाळच्या.

पोरगा अजून जवळ गेला. "नवरी ही, मामी ह्या," तो बोट फिरवत म्हणाला. "मंग मधी फेटा घातलेला हा कोन?"

जावेदभाईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या त्या मऊ आवाजात म्हणाला, "त्यांना बी मामींनीच उचललंय."

मी मान डोलावली. त्यात खोटं काय होतं?