व्हॅनचा डावा आरसा

आमच्या व्हॅनचा उजवा आरसा गुपचूप जागेवर राहतो. डावा मात्र माझ्या मुळावरच उठला होता. सकाळी नीट लावून द्यावा, तर दुपारपर्यंत तो मान टाकून रस्त्यावरचे खड्डे बघत असायचा. वेसाव्याच्या बंदरावरून मासे उचलायचे, सासूबाईंसकट बोरीवलीच्या बाजारात त्यांच्या विक्रीच्या ओट्यावर पोचवायचे आणि माल संपला की त्यांना घेऊन परत यायचं, हे माझं रोजचं काम. नवरा बोटीवर असतो, म्हणून गाडी माझ्या ताब्यात. लिंक रोडच्या त्या गर्दीत डावीकडून कोण घुसतंय हेच दिसत नसेल, तर गाडी चालवायची कशी?

डावा आरसा ड्रायव्हरला बसल्या जागेवरून लावता येत नाही. हातच पोचत नाही. शेजारच्याने खिडकीतून हात बाहेर काढून तो हलवायचा आणि आपण नुसतं सांगत बसायचं. माझ्या शेजारी सासूबाई.

"आई, जरा बाहेर करा."

"केला."

"जास्त झाला. आत घ्या. आता थोडा वर."

"वर कशाला गो? मना तर सगळं दिसतंय. तो पानवाला पन दिसतंय."

"तुम्हाला दिसून काय उपयोग? मला दिसायला हवं ना!"

"मंग हिकडं येऊन बस."

रोज हेच. मागे हॉर्न वाजताहेत, डब्यांतला बर्फ वितळतोय, आणि आमचा हा आरसा-आरसा खेळ चाललाय.

दर थोड्या दिवसांनी त्या आरशाचा दांडा वाकायचाच. दाराच्या पुढच्या खांबाला तो बोल्टने बसवलेला असतो. बोल्ट आवळून झाले, वायसर बदलून झाले, दांड्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून झाली. अंधेरीच्या गॅरेजवाल्याने शेवटी वैतागून अख्खा दांडाच नवा टाकला. तोही वाकला. माझा संशय अर्थातच रिक्षावाल्यांवर होता. बाजाराबाहेर ते गाडीला चिकटून रिक्षा काढतात आणि वळून बघतसुद्धा नाहीत. मी त्यांच्या नावाने बोटं मोडायला लागले की सासूबाई माझ्या दुप्पट जोराने सामील व्हायच्या. त्यांच्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. एकदा तर त्यांनी ठोकणाऱ्याचं वर्णनही सांगितलं, दाढी होती म्हणे.

मग एका दुपारी गाडीपाशी आल्यावर लक्षात आलं, मोबाइल ओट्यावरच राहिलाय. त्यांना गाडीशी सोडून मी परत गेले. मोबाइल घेऊन बाजूच्या गल्लीतून येत होते, तर सासूबाई गाडीत चढत होत्या. एक पाय पायरीवर, एक हात सीटवर आणि दुसऱ्या हाताने आरशाचा दांडा घट्ट धरलेला. सगळा भार त्या दांड्यावर टाकून त्यांनी स्वतःला वर ओढलं. दांडा कुरकुरला आणि खाली वाकला. त्या सीटवर टेकल्या, क्षणभर डोळे मिटले, मग आरसा अंदाजाने वर ढकलला आणि पदराने काचही पुसली.

मी गाडीत येऊन बसले तर म्हणतात, "बघ गो, मेल्या रिक्षावाल्यानं परत ठोकला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस मी जगातल्या सगळ्या रिक्षावाल्यांना शिव्याशाप दिले आणि गुन्हेगार माझ्या शेजारी बसून चणे खात होता! पण मी गिळलं सगळं. कारण त्या पायरीवर मी त्यांचा चेहरा पाहिला होता. गुडघे साफ गेले होते बाईंचे.

त्या का लपवत होत्या, हेही मला ठाऊक होतं. त्यांच्या शेजारच्या ओट्यावरची मावशी चालताना अडखळायला लागली, तेव्हा तिच्या मुलांनी तिला प्रेमाने घरी बसवलं. ओटा सुनेकडे गेला. आता ती मावशी वेसाव्यात दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पापलेटचा भाव विचारते. आमच्याकडेही नवरा "आये, आता आराम कर" म्हणायला टपलेलाच होता.

म्हणून मी एक उपाय केला. गाडीच्या आत, डाव्या दाराशी, हाताने धरायला स्टीलचं हँडल बसवून घेतलं.

"ह्ये कोनासाठी?"

"तुमच्यासाठी, आई. चढायला बरं."

"मी काय म्हातारी झाले? सगळा बाजार बघतंय."

त्या हँडलला त्यांनी कोथिंबिरीची पिशवी अडकवली आणि माझ्या देखत नाही, पण माझी पाठ वळली की आरशालाच लोंबकळत राहिल्या. मी रोज त्यांच्याकडून आरसा वर करून घेत राहिले. असा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

आणि एके दिवशी व्हायचं तेच झालं. कांदिवलीच्या पुढे मी डावीकडे गाडी घेतली. आरशात नुसता रस्ता दिसत होता, कारण वाटेत परत मान टाकून आरसा रस्त्याकडेच बघत होता. धाडकन आवाज आला. एक मोटारसायकलवाला माझ्या गाडीला घासून कसाबसा फुटपाथला टेकला. त्याला खरचटलंही नाही, पण तो जे काही बोलला त्यातला शब्द न् शब्द मला पटला. तो गेल्यावर मी गाडी कडेला लावली.

माझ्या माहेरी मोठ्यांना 'तुम्ही'च म्हणायची पद्धत, आणि सासरी सगळे 'तू' म्हणत असले तरी मी ती सोडली नव्हती. त्या दिवशी सुटली.

"तू त्या आरशाला लटकतेस! मी बघितलंय! गुडघे गेलेत तर गेले म्हण ना! उद्या कोणाचा जीव गेला म्हणजे काय करायचं?"

सासूबाई घर येईपर्यंत समोर बघत राहिल्या. उतरताना मात्र मान खाली घालून एवढंच म्हणाल्या, "घरी सांगू नको."

या बाईचा आवाज लिलावात अख्ख्या बंदराला ऐकू जातो. तो इतका बारीक होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या बाजूलाही तसलंच हँडल बसवून घेतलं. दुपारी बाजारातल्या सगळ्या बायका निघायच्या वेळेला ते दोन्ही हातांनी धरलं आणि "आई गं, कंबर!" असं ओरडत गाडीत चढले. नाटकाची मला सवय नाही, पण आवाज बरा लागला असावा. बायका जमल्या. कोणी हळहळलं, कोणी आजकालच्या सुनांबद्दल बोललं.

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग मोठ्याने सांगितलं, "हिच्या कमरेची वाट लागली गो! म्हनून दोन्हीकडं दांडा लावलाय." आणि डावं हँडल धरून ऐटीत वर चढल्या.

आरसा त्या दिवसापासून हलला नाही. पण माझी अब्रू गेली. अख्खा कोळीवाडा मला कमरेवरचे उपाय सांगतो. नवरा जड टोपली उचलू देत नाही. सासूबाईंसमोर कोणी माझी चौकशी केली की त्या उसासा टाकतात. चार लोकांत मला जरा वाकून चालावं लागतं, तेही माझी कंबर ठणठणीत असताना!

परवा संध्याकाळी त्या गरम तेलाची वाटी घेऊन माझ्या खोलीत आल्या.

"पालथी पड."

"आई, मला काही झालेलं नाही. तुम्हाला माहितीये."

"पड म्हनते ना."

त्यांनी माझी धडधाकट पाठ बराच वेळ चोळली, बाहेर ऐकू जाईल असं "दुखतंय का गो?" विचारत. मग थांबल्या. भिंतीला टेकून बसल्या आणि पाय लांब केले. जन्मभर गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली ही बाई अलीकडे ते घोट्यापर्यंत का सोडते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्यांनी ते वर घेतलं. दोन्ही गुडघे टम्म सुजले होते.

त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली.

"पयलं दार लावलंय का बघ," त्या म्हणाल्या.