रिकामा परत गेलेला डबा

गुरुवार, ६ नोव्हेंबर. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. फोन केतकीचा होता.

"काका, बाबा गेले."

"हो का?" मी म्हणालो. पुढचा शब्द तोंडाशी आला होता. तो आवरला.

तो शब्द "बरं" हा होता. "हो का? बरं." हे तिच्या वडिलांचे बोलणे. अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या आमच्या कारखान्यात मी ते वीसेक वर्षे ऐकले. नव्या माणसाला वाटे, गृहस्थाला आपले म्हणणे पटले. जुन्या माणसाला ठाऊक असे, की "बरं" म्हटले म्हणजे विषय संपला आणि गृहस्थ आता स्वतःच्या मनासारखेच करणार. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. भांडणाऱ्याशी भांडता येते. मान डोलावणाऱ्याचे काय करावे, हे कुणालाच कळत नाही.

मोटारींचे दरवाजे आणि बॉनेट ज्यांत दाबून घडवतात, ते पोलादी साचे आम्ही बनवत असू. केतकीचे वडील साच्यांच्या विभागात होते, मी तपासणीत. म्हणजे त्यांनी करायचे आणि मी नाकारायचे. आम्ही दोघे महाराष्ट्रातले, जवळपास एका वयाचे. तरी आमचे "अहो-जाहो" शेवटपर्यंत सुटले नाही. ते मला मास्तर म्हणत. सकाळी कॉफीचा कप घेऊन माझ्या टेबलाशी येत आणि विचारत, "मास्तर, आज किती नापास?"

दर वेळी त्यांचेच खरे ठरे असे नाही. एकदा सगळ्यांचे म्हणणे डावलून त्यांनी बॉनेटचा साचा स्वतःच्या पद्धतीने केला आणि पहिली सगळी बॉनेटे सुरकुतलेली निघाली. मी नापासाचा शिक्का मारला.

"सुरकुत्या आहेत," मी सांगितले.

त्यांनी बॉनेटवरून तळहात फिरवला. "हो का? बरं."

पुढे एका जपानी कंपनीने आमचा कारखाना विकत घेतला. साच्यांचे तिकडचे काम शिकून यायला यांना तीन वर्षांसाठी जपानला पाठवले. मंडळाच्या गणपतीत यावर बरीच करमणूक झाली. "आता सूशी खाणार वाटतं!" कुणी म्हणाले. "सूशी कसली? वहिनींनी दोन कुकर पॅक केलेत," दुसऱ्याने सांगितले. वहिनी म्हणजे त्यांची पत्नी. केतकी, त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा कॉलेजात होती. ती इथेच राहिली. तीन वर्षे संपली, मुदत वाढली, पुढे निवृत्तीही झाली. तिथे कायम राहण्याची परवानगी त्यांनी काढली, तीही कुणाला न सांगता. मी फोनवर एकदा म्हणालो, "आता परत या." उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

वहिनी तिथेच वारल्या. त्यानंतर ते त्या घरात एकटे राहू लागले.

गेल्या हिवाळ्यात घराजवळच्या चढावर ते कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकले आहे. केतकी आमच्याकडे आली. ती दातांची डॉक्टर आहे, घर ट्रॉयमध्येच आहे.

"काका, मी बाबांसाठी बेसमेंट फिनिश केलंय. फुल बाथ, वेगळा थर्मोस्टॅट, सगळं. ते फक्त हो का, बरं म्हणतात. तुम्ही माझ्याबरोबर चला. तुमचं ऐकतील."

"माझे त्यांनी कधी ऐकलेले नाही."

"पण तुम्हाला घाबरतात."

"कुणी सांगितले?"

"बाबांनीच."

माझी पत्नी आतून म्हणाली, "जा. आणि तिथं जाऊन भाषण देऊ नका. घेऊन या त्यांना."

एप्रिलमध्ये केतकी आणि मी गेलो.

टोकियोपासून गाडीने तासाभरावर, समुद्राला लागून असलेली ती वस्ती आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या इतक्या जवळ इतकी शांतता असेल, असे मला वाटले नव्हते. स्टेशनात आमच्याबरोबर मोजकीच माणसे उतरली आणि न बोलता आपापल्या गल्लीत गेली. घरांच्या भिंती एकमेकींना चिकटायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. खाऱ्या वाऱ्याने सायकलींच्या साखळ्या लाल झाल्या होत्या. विजेच्या खांबांवर, ती जागा समुद्रापासून किती उंच आहे याच्या पाट्या होत्या. लाट आली तर कुठे पळायचे, तेही बाणाने दाखवले होते. संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या कर्ण्यातून एक संथ धून वाजते. मुलांनी घरी जावे म्हणून ती आहे. मुले फारशी दिसली नाहीत.

ते स्टेशनावर आले होते. खूप वाळले होते. सदरा मात्र इस्त्रीचा होता.

"मास्तर, किती नापास?"

"अजून तपासणी व्हायची आहे," मी म्हणालो.

चढावर ते तीनदा थांबले. प्रत्येक वेळी काहीतरी दाखवण्याचा बहाणा केला. हे लिंबाचे झाड. ही घार, हातातली पोळी पळवते. तो धुरकट दिसतो तो फुजी. केतकीने माझ्याकडे पाहिले. मी फुजी पाहिला.

शेजारच्या घरात ऐंशी ओलांडलेल्या एक बाई राहत. हे त्यांना पहिल्यापासून काकू म्हणत आणि त्यांनीही ती हाक स्वीकारली होती. ह्यांचे जपानी बेताचे होते. पण "सो देस का" म्हणजे "हो का", हे कळल्यावर आपले अर्धे काम झाले, असे ते सांगत. मी त्यांना काकूंशी कुंपणावरून अर्धा तास बोलताना पाहिले. बोलत काकूच होत्या.

या दोन घरांच्या मध्ये एक डबा होता. पांढऱ्या इनॅमलचा, झाकणाचा, काकूंचा. हे कुटुंब प्रथम राहायला आले तेव्हा काकूंनी त्यातून लाल चवळीचा भात आणून दिला. आता आलेले भांडे रिकामे परत पाठवणे वहिनींना शक्य नव्हते. त्यांनी त्यात शंकरपाळे घातले. आणि काही मिळाले की त्याची परतफेड केल्यावाचून राहणे काकूंना शक्य नव्हते. त्यांनी त्यात संत्री घातली. दोघींनाही थांबता येईना. डबा ये-जा करीत राहिला.

"ही गेली तेव्हा डबा आमच्याकडे होता," ते मला म्हणाले. "दिवसकार्य झालं आणि ओट्यावर दिसला. धुतलेला. त्यात काय घालायचं? मला काही येत नव्हतं. मग कॉर्नफ्लेक्सचा चिवडा शिकलो."

"जमला?"

"करपला. काकूंनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी मुळ्याचं लोणचं आलं."

"असे किती दिवस चालवणार?"

"ते दोघांपैकी कुणाच्याच हातात नाही, मास्तर."

मी कामाला लागलो. पहिल्या दिवशी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. दुसऱ्या दिवशी, एकटे असताना पुन्हा कोसळलात तर काय, हे विचारले. तिसऱ्या दिवशी केतकीने बेसमेंटचे फोटो दाखवले. नातवंडांनी भिंतीवर त्यांचे नाव रंगवले होते. त्यांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. "छान काढलंय," म्हणाले. मग, "हो का? बरं." केतकी चिडून म्हणाली, "बाबा, बरं म्हणजे येस की नो?" ते चहा टाकायला उठले.

चौथ्या दिवशी, ते दुपारी झोपले असताना, केतकीने स्वयंपाकघर आवरले. तिला शेजारचा डबा दिसला. ट्रॉयमध्ये वाढलेली मुलगी ती. दुसऱ्याचे भांडे घासून, पुसून, वेळेवर परत करावे, हे तिला शिकवलेले होते. तिने तेच केले. आभाराचे एक कार्ड आत ठेवले आणि डबा काकूंच्या हातात दिला.

पाचची धून वाजून गेल्यावर दाराशी काकू उभ्या होत्या. गडद रंगाचा, ठेवणीतला पोशाख केला होता. हातात रुमालात बांधलेली पेटी होती. त्या कमरेतून वाकल्या, पुन्हा वाकल्या आणि सावकाश काही बोलल्या. हे ऐकत राहिले. आम्हाला काही कळेना. केतकीने विचारले तेव्हा ह्यांनी आम्हाला समजावून सांगितले.

"काकू म्हणताहेत, इतकी वर्षं शेजार दिलात, आभारी आहे. तिकडे प्रकृतीला जपा. मी जाणार असल्याचं त्यांना आज कळलं."

"कुणी सांगितलं त्यांना?" केतकी म्हणाली. "मी काहीच बोलले नाही! फक्त डबा दिला."

"रिकामा?"

"धुवून दिला, बाबा! थँक यू कार्ड पण ठेवलं!"

ते केतकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो का?"

मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. तो आला नाही. इतक्या वर्षांत असे प्रथमच झाले. केतकीच्याही ते ध्यानात आले असावे, कारण ती एकदम खाली बसली.

त्यांनी काकूंना वाकून नमस्कार केला आणि निरोपाची ती पेटी दोन्ही हातांनी परत त्यांच्या हातात दिली. मग स्वयंपाकघरात गेले. कढई चढल्याचा आवाज आला. फोडणीच्या वासाने काकूंना ठसका लागला. त्या उंबऱ्याशी तशाच उभ्या होत्या आणि आम्ही आत. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. हातात स्टीलचा डबा होता. लग्नातल्या भांड्यांतला, बाजूला वहिनींचे नाव कोरलेला. तो चिवड्याने भरला होता. गरम डब्याखाली फडके धरून त्यांनी तो काकूंना दिला.

काकू गेल्यावर त्यांनी कपाळ पुसले. "आता माझा डबा त्यांच्याकडे आहे," म्हणाले. "त्यांना तो परत करावा लागेल."

दुसरा दिवस गुरुवार होता. त्या गल्लीत कचऱ्याच्या पिशव्या कोपऱ्यावर ठेवतात आणि कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून वर जाळी टाकतात. गुरुवारची जाळी यांच्याकडे होती. मी बरोबर गेलो. त्यांनी ती पसरली, कडांना विटा ठेवल्या आणि ताणली आहे की नाही, हे हाताने पाहिले. तारेवर कावळे रांगेने बसले होते.

"ट्रॉयला तुमच्या घराची बेल शेवटची कधी वाजली, मास्तर?"

"पार्सल आले होते."

"पार्सलवाला थांबतो?"

मी एक वीट पायाने सरळ केली.

"इथं गुरुवारी माझी वाट बघतात."

"कोण?"

"हे काय, बसलेत." त्यांनी कावळे दाखवले. मग जाळीकडेच बघत म्हणाले, "मला नेऊ नका. केतकीला मी सांगू शकत नाही. ती नातवंडांचे फोटो दाखवते. तुम्ही सांगा."

त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी केतकीला समुद्राकडेच्या रस्त्यावर गाठले आणि सांगितले, "राहू दे त्यांना."

"काका, तुम्ही त्यांना न्यायला आला होतात."

"हो."

"आणि काही झालं तर?"

"होईल. कुठेही होईल."

ती तो सबंध दिवस माझ्याशी बोलली नाही. आम्ही दोघेच परत आलो.

हे सर्व एप्रिलचे. आज सकाळी तिने फोनवर सांगितले ते असे. तिकडे गुरुवार उजाडला, पिशव्या आल्या, जाळी आली नाही. काकूंनी बेल वाजवली, मग दुसऱ्या शेजाऱ्याला बोलावले. ते अंथरुणातच होते. पांघरूण नीट होते. डॉक्टर म्हणाले, पहाटे झोपेत. केतकीला हे काल संध्याकाळीच कळले होते. रात्र तिने तिकिटात आणि फोनांत काढली.

"एअरपोर्टला सोडाल? नवऱ्याला आज मुलांना शाळेतून घ्यायचंय."

"येतो."

गाडीत ती बराच वेळ फोन हातात धरून होती. कडेच्या झाडांची पाने गळून गेली होती.

"काकू त्यांच्याजवळ बसल्यात," ती म्हणाली. "मी पोचेपर्यंत उठणार नाही म्हणाल्या. शेजारच्या मुलीनं ट्रान्सलेट करून मेसेज केला."

"चांगले आहे."

मग ती म्हणाली, "एप्रिलमध्ये तुम्ही 'चला' म्हणाला असतात तर?"

"तर ते इथे गेले असते."

"यू डोन्ट नो दॅट. अजून जगले असते कदाचित."

"कदाचित."

"आज परत विचारलं तर काय सांगाल?"

"तेच."

तिने खिडकीबाहेर पाहिले. "मी तुमच्यावर चिडलेली नाहीये, काका." पुढच्या सिग्नलला म्हणाली, "थोडी आहे."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

तिची बॅग उतरवून दिली. तिने वाकून नमस्कार केला. ते ती सहसा करीत नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, म्हणून निघालो.

घरी आलो तेव्हा पत्नीने विचारले, "गेली?" मी "गेली" म्हणालो. तिने वरण-भात वाढला. जेवलो. तिने वहिनींच्या काही गोष्टी काढल्या. मी ऐकल्या. दुपारी काही वाचण्याचा प्रयत्न केला. तेच पान पुन्हा वाचत आहे असे दिसले, तेव्हा पुस्तक मिटले.

आज रात्री पाणी गोठेल, असे हवामानवाले सांगत होते. नळ फुटू नये म्हणून उजेड असतानाच बागेतला होज पाइप नळापासून सोडवला, पाणी झटकून गुंडाळला आणि गॅरेजमधल्या खुंटीला अडकवला. मग आत येऊन बाहेरच्या नळाचा कॉक बंद केला.