आरशातलं रोम

केस कापायच्या दुकानात खुर्च्या दोन, समोर भिंतभर आरसा, आणि टीव्ही मागच्या बाकाच्या वर, छताला टेकायला आलेला. तो तिथं का, असं कुणी विचारलं की मालक म्हणायचा, "खुर्चीतल्या माणसाने मान वळवली तर त्याचा कान माझ्या हातात येईल." त्यामुळे टीव्ही सगळे आरशातच बघायचे. बाकावर ताटकळणारेसुद्धा, कारण स्वतःच्या डोक्यावरचा टीव्ही त्यांना तरी दिसणार कसा?

याच आरशात मालकाने पाश्चात्त्य संस्कृतीच्या इतिहासावरची सव्वीस भागांची मालिका पाहिली. एकदा नाही, तीनदा. दर बुधवारी दुपारी चार वाजता. वडील आजारी पडले तेव्हा सातवीचं इतिहासाचं पुस्तक अर्ध्यात मिटून तो या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. राहिलेली पानं आता आपल्या पायांनी चालत दुकानात येत होती. आरशात साम्राज्यं कोसळत, खाली केस पडत, आणि भाग संपला की दोन्हींचा ढीग एकाच झाडूने लोटावा तसा तो शांतपणे फरशी झाडायचा. गिऱ्हाइकांनी त्याचं नाव ठेवलं सम्राट.

वाचनालयाने त्या वर्षी इतिहासाची स्पर्धा जाहीर केली. जिंकणाऱ्याला रविवारी वाचकांसमोर तासभर व्याख्यान. सम्राटाची झोपच उडाली.

बायको म्हणाली, "अहो, जन्मभर लोकांच्या मुंड्या धरून बोलताय. अजून एक तास कशाला हवाय?"

"तिथं लोक आपणहून ऐकतात गं," तो म्हणाला. "मुंडी न धरता."

त्यावर तिने त्याचा स्वच्छ सदरा काढून ठेवला. पण स्पर्धेच्या दिवशी शेवटचं गिऱ्हाईक इतकं लांबलं, की सदरा घरीच राहिला आणि सम्राट खिशाखिशांच्या एप्रनमध्येच वाचनालयात पोचला. मागे शेजारच्या दुकानातला शिंपी आणि बाकावरची नेहमीची सात-आठ मंडळी. परीक्षक म्हणून बसलेले प्राध्यापकही त्याचंच गिऱ्हाईक. पण ते चष्मा काढून दाढीला बसत, त्यामुळे आरशात त्यांना कधी स्वतःचं नाकही धड दिसलं नव्हतं.

सम्राट सुटलाच. कुठल्या राजाचं डोकं कुणी उडवलं, छापखान्यात आधी काय छापलं, प्लेग कुठल्या बंदरातून शिरला, धडाधड उत्तरं. शेवटी दोघेच उरले, तो आणि औषधांच्या दुकानाचे मालक. दोघांचे गुण सारखे. प्राध्यापकांनी भिंतीवर युरोपचा नकाशा टांगला, एकही नाव नसलेला.

"अथेन्स, रोम आणि लिस्बन दाखवा."

औषधवाले आधी गेले. अथेन्स बरोबर, रोम बरोबर, पण लिस्बन त्यांनी समुद्रापासून उचलून थेट स्पेनच्या पोटात नेऊन ठेवलं.

सम्राट पुढे आला. छडी उचलली आणि तशीच थांबली.

"सर, हा नकाशा उलटा छापलाय."

"उलटा?"

"हा इटलीचा बूट बघा ना. चवडा डावीकडे कसा? उजवीकडे असतो. तीनदा पाहिलाय मी."

"बरोबर आहे!" मागून शिंपी उठला. "उजवीकडेच असतो. आम्ही सगळ्यांनी पाहिलाय!" सात-आठ माना एकदम हलल्या.

"अहो, पण पाहिलात कुठे तुम्ही सगळ्यांनी?" प्राध्यापकांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? दुकानात. आरश..."

सम्राटाने जीभ चावली. शिंपी हळूच खाली बसला. मग औषधवाल्यांना हसू फुटलं आणि सगळं वाचनालय खदखदलं.

सम्राट त्या अनोळखी, डावखुऱ्या युरोपाकडे बघत उभा राहिला. कान लाल झाले होते. एवढी वर्षं जमवलेली राज्यं, बंदरं, रस्ते, सगळं त्याच्या आत जिथल्या तिथे होतं. फक्त दार दुसऱ्या बाजूला होतं. कपाळ पुसायला रुमाल काढावा म्हणून त्याने एप्रनच्या खिशात हात घातला, तर हाताला लागला गोल आरसा. मागून केस कसे कापलेत ते गिऱ्हाइकाला दाखवायचा.

त्याने नकाशाकडे पाठ केली. डाव्या हाताने आरसा डोळ्यांसमोर धरला, उजव्या हाताने छडी खांद्यावरून मागे नेली आणि जन्मभराच्या सवयीने, न अडखळता, टेकवली. "अथेन्स." टक. "रोम." टक. मग छडी पार कडेला, समुद्राच्या काठापर्यंत सरकली. "आणि हे लिस्बन. इथून निघायची जहाजं."

तिन्ही बरोबर.

औषधवाले म्हणाले, "अहो सर, हे चालतं का?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "नकाशाकडे तोंड करूनच दाखवा, असं मी कुठे म्हटलं?"

"मग हरलो बुवा," औषधवाले हसत म्हणाले आणि टाळ्या त्यांनीच सुरू केल्या. शिंप्याने शिट्टीसुद्धा मारली. वाचनालयात!

गर्दी पांगल्यावर ग्रंथपालबाई वही घेऊन आल्या. "रविवारी पाच वाजता तुमचं व्याख्यान. काय काय लागेल? टेबल, माइक, पाणी?"

सम्राटाने रिकाम्या सभागृहाकडे पाहिलं. इतकी माणसं, सगळी समोरून बघणारी, आणि आपले दोन्ही हात मोकळे.

"एक खुर्ची," तो म्हणाला. "एक मोठा आरसा." आणि जरा लाजत, "जमलं तर कुणाचं तरी डोकं."

प्राध्यापकांचा हात आपसूक आपल्या वाढलेल्या केसांकडे गेला.