हळदीतला चौथा फोटो

लोक म्हणतात, माझ्या, म्हणजे या योगेंद्रच्या, कॅमेऱ्याला पडणाऱ्याचा आधीच वास येतो. खरं आहे ते. कुणाचा फेटा ताशावर, कुणी खुर्चीसकट आडवा, कुणाची जिलबी भटजींच्या मांडीवर. दहिवलीतल्या माझ्या फोटोच्या दुकानात सगळ्यांचे फोटो जमा आहेत. पण पदूमामाच्या फोटोवर मला आजही हसू येत नाही.

पदूमामा शाळेची व्हॅन चालवायचा. चहा सोडून कशाला तोंड न लावणारा, पोरांच्या डब्यांची झाकणं स्वतः घट्ट करून देणारा माणूस. भाचा जितेश म्हणजे त्याचा जीव. आमच्याकडे हळदीला मामा नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचवतो. पन्नाशीच्या मामानं जितेशच्या हळदीच्या संध्याकाळी अंगानं चांगल्या भरलेल्या त्या भाच्याला उचललं, दोन गिरक्या घेतल्या आणि दोघंही हळदीच्या परातीवर कोसळले.

मी लागोपाठ चार फोटो काढले. चौथा असा झकास की मी तिथूनच घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. मामाचे डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, परात डोक्यावर. कुणीतरी खाली लिहिलं, ‘मामा फुल्ल टाइट!’ आणि फोटो शेलूपासून पार चौक गावापर्यंत फिरला. सोमवारी मामाची व्हॅन अर्धी रिकामी होती. आठवडाभरात एकही पोर उरलं नाही. दारुड्याच्या गाडीत आपलं लेकरू कोण बसवणार?

मी हात चोळत आधीचे तीन फोटो उघडले. पहिल्यात जितेश मामाच्या खांद्यावरच झिंगून झुलतोय. दुसऱ्यात त्याच्या कमरेला खोचलेली दारूची क्वार्टर खाली निसटतेय. तिसऱ्यात त्यानं दोन्ही हातांनी मामाचे डोळेच झाकलेत. मी तडक मामाकडे गेलो.

“हे आत्ता टाकतो ग्रुपवर.”

“खबरदार!” मामानं माझं मनगट धरलं. “आपल्या नव्या सुनेच्या, सुरभीच्या माहेरी दारूचं नाव काढलेलं चालत नाय. पोर नांदायला येऊन आठ दिस नाय झालं. तिचा संसार मोडायचा हाय का तुला?”

“आणि तुझी व्हॅन?”

“टेंपो चालवंन कुणाचा तरी. पण हे टाकायचं नाय. घे शपथ.”

मला त्याचा राग आला. एवढं चांगलं असू नये माणसानं. पण शपथ घेतली.

अल्बममधले फोटो नवरा-बायको दुकानात बसून निवडतात. जितेशनं कंटाळा केला आणि सुरभीला एकटीला पाठवलं. ते तीन फोटो बाजूला काढायचे राहून गेले, असं मी सगळ्यांना सांगतो. राहून गेले नव्हते.

ती चौथ्या फोटोवर हसली, मग मागच्या फोटोवर गेली. पुन्हा मागे गेली.

“दादा, मामांना हे ठाऊक आहे?”

मी होकारार्थी मान डोलावली. तिनं तिन्ही फोटो मोबाइलवर मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आळीत मामाची रिकामी व्हॅन उभी राहिली. शेजारच्या सीटवरून जितेश उतरला, मागून सुरभी. ती व्हॅनमधल्या एकेका पोराच्या दारात मोबाइल पुढं करायची आणि जितेश खाली बघून म्हणायचा, “काकी, त्या दिशी मी प्यायलो व्हतो. मामा नाय.”

मामा स्टिअरिंग धरून अवघडून बसला होता. तिसऱ्या दारात, आरोहीच्या आई हर्षलाताईंसमोर, जितेशला रडू फुटलं. तेव्हा मात्र मामाला राहवलं नाही. तो उडी मारून उतरला, भाच्याला पाठीमागे ढकललं आणि म्हणाला, “तसं काय नाय गं ताई. माझाच पाय घसरला.”

हर्षलाताईंनी मोबाइलवरचा फोटो पाहिला. मग मामाकडे पाहिलं. मग घरात वळून हाक मारली, “आरोही, दप्तर घे गं लवकर. मामा खोळंबलाय.”