हॉर्न बिघडलाय

गॅरेजला लागून दुकान असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते ग्रीससारखे आपोआप हाताला लागतात आणि घरी गेलं तरी निघत नाहीत. माझं स्पेअर पार्टचं दुकान पिरंगुटच्या पुढं, उरवड्याच्या फाट्याजवळ. भिंतीला भिंत लागून सोपान आणि किसन या सख्ख्या भावांचं गॅरेज. आमची चहाची बैठक तिथंच, त्यामुळे या दोघांचे किस्से आमच्याकडे ढिगानं. सांगायला बसतो हसत, पण हसू काही शेवटपर्यंत टिकत नाही.

*

आधी भांडण सांगतो. रिहे गावात वडिलांची भातखाचरं होती. थोरल्या सोपानला ती ठेवायची होती. धाकट्या किसननं आपला वाटा एका फार्महाऊसवाल्याला विकला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद!

गॅरेज मात्र बंद पडलं नाही, कारण त्यांना एकमेकांवाचून टायमिंग सेट करता येत नव्हतं. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी, त्याचं नाव टायमिंग. एकानं बॉनेटखाली वाकून ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा आणि दुसऱ्यानं सीटवर बसून रेस धरायची. सोपान बॉनेटखाली, किसन सीटवर. सोपान नुसत्या आवाजावर टायमिंग बसवायचा. त्याच्या कानाचं नाव ताम्हिणीपर्यंत होतं.

मग खुणा सुरू झाल्या. बॉनेटवर एक थाप म्हणजे रेस दे, दोन थापा म्हणजे सोड. किसनचा हॉर्न म्हणजे थांब. खुणांत न मावणारं काही असलं की गिऱ्हाईक मध्ये!

"त्याला सांगा, पाय हलवू नको."

"त्यास्नी सांगा, पाय हलला न्हाई."

पौडचे एक गुरुजी एकदा वैतागले. "अरे, मी गाडी दाखवायला आलोय का तुमची दिलजमाई करायला?"

सोपान खाली मान घालून म्हणाला, "गाडी हुईल दुरुस्त, गुरुजी. दुसऱ्याचं काय सांगता येत न्हाई."

*

हिंजवडीत नोकरीला लागलेले लातूरचे एक साहेब एक जुनी परदेशी गाडी घेऊन आले. कार्बोरेटर आपल्या ओळखीचा, पण त्याच्या डोक्यावर कंप्युटर बसवलेला! सोपान टायमिंग पुढं घ्यायचा, कंप्युटर मागं आणायचा. सोपान मागं घ्यायचा, कंप्युटर पुढं न्यायचा. दुपार झाली.

"ह्यो माजं ऐकतच न्हाई!" सोपान घाम पुसत म्हणाला.

तेवढ्यात किसन उतरला. वायरचा एक तुकडा घेतला, बॉनेटखालच्या एका सॉकेटात दोन टोकं खुपसली आणि परत सीटवर जाऊन बसला.

"त्याला इचारा, काय केलं?" सोपान साहेबांना म्हणाला.

"त्यास्नी सांगा, कंप्युटरला गप केलाय. पुण्यात बघितलं हुतं. त्यो गप असल्याबिगर टायमिंग बसत न्हाई. काम झालं की वायर काढायची, म्हंजी त्यो परत बोलाया लागतो."

साहेब दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. म्हणाले, "मग तुमची वायर कुणी काढायची?"

सोपाननं पान्हा उचलला आणि परत बॉनेटखाली वाकला.

*

ताम्हिणीचा ढाबेवाला तसा सोपानचा भक्त. टायमिंग बसवून गेला आणि दोन दिवसांत परत आला. घाटात गाडी ओढत नव्हती, इंजिन खडखडत होतं. जागेवर उभ्या गाडीतसुद्धा तो खडखडाट माझ्या दुकानात ऐकू येत होता.

सोपान वाकला. "कुटं काय? बरोबर तर हाय."

ढाबेवाला काही बोलणार, एवढ्यात किसन मध्ये पडला. "चूक माजी. रेस मीच नीट धरली न्हाई."

तेव्हापासून सोपाननं केलेली प्रत्येक गाडी किसन चक्कर मारायच्या नावाखाली फाट्यापर्यंत न्यायचा. तिथं बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर परत फिरवायचा, ते मला दुकानातून दिसायचं. मी कधी विचारलं नाही.

*

पुढं पुढं सोपान हाकेला ओ देईना. आम्ही म्हणायचो, म्हातारा लई शिष्ट झालाय! टायमिंग लावताना तो आता एक तळवा इंजिनावर दाबून धरायचा आणि मधूनमधून डोळे मिटायचा. आम्हाला वाटायचं, देवाचं नाव घेतोय.

त्याच सुमारास किसननं हॉर्न वाजवणं सोडलं. 'थांब' म्हणायचं असलं की हेडलाइट मारायचा. बॉनेटसमोर उभ्या असलेल्या सोपानच्या पोटावर उजेड पडला की तो थांबायचा.

मी किसनला विचारलं, "हे काय नवीन?"

"हॉर्न बिघडलाय."

"कुठल्या गाडीचा?"

"सगळ्याच गाड्यांचा," किसन म्हणाला आणि आत निघून गेला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सोपानचे कान गेले होते. गिऱ्हाइकाला कळलं असतं तर त्याचं नाव, काम, सगळंच गेलं असतं. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याचं हे दुखणं किसन एकटाच झाकत होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्या धाकट्याचा अभिमानही वाटला.

*

आता शेवटचा. लातूरचे साहेब तीच कंप्युटरवाली गाडी घेऊन परत आले. सोपान बॉनेटखाली, किसन सीटवर, आम्ही चार जण चहाला. त्या दिवशी सोपानच्या गळ्यात टॉवेल होता. तो वाकला, तसं टॉवेलचं टोक खाली लोंबलं आणि फिरत्या पंख्याकडं सरकायला लागलं.

किसननं हेडलाइट मारले. सोपानचे डोळे मिटलेले. किसननं हॉर्न दाबला, दाबूनच धरला. सोपान हलला नाही.

"दादा!"

हातातले कप हातातच राहिले. रिह्याची जमीन गेल्यापासून तो शब्द आम्ही कुणी ऐकला नव्हता.

"दादा! ए दादा!"

सोपानचा तळवा इंजिनावर तसाच. किसननं चावी फिरवली, धावत आला आणि टॉवेल ओढून काढला. हाताखालची थरथर थांबली, तसे सोपाननं डोळे उघडले. समोर किसन, हातात टॉवेल, डोळ्यांत पाणी, आणि ओठ हलत होते.

सोपान त्या ओठांकडं बघत राहिला.

"बोलतुयास व्हय?" त्यानं विचारलं. "मला ऐकू येत न्हाई रं. कवापासनं बोलतुयास?"

किसननं एकदा आमच्याकडं बघितलं, गप्प राहा म्हटल्यासारखं. मग भावाच्या कानाला तोंड लावलं आणि सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं ओरडला,

"लई दिस झालं, दादा!"