धुतलेल्या काचा

"तुझ्या हातची काच मंडळी डोळ्याला लावणार नाहीत. तू सूप घे, धूळ उडव."

गुरुजी हे सगळ्यांदेखत म्हणाले. परंड्याच्या किल्ल्यामागचं मैदान. दिवस मावळत होता. तहसीलदार, देशमुख खुर्च्यांवर बसलेले. मी महारवाड्यातल्या शाळेचा मास्तर. तरी निमूट सूप घेतलं.

निजामाचं राज्य. गुरुजींनी मला वर्गाच्या दाराबाहेर बसवून शिकवलं, पण शिकवलं. मला मुलगा म्हणायचे. त्यांनीच सांगितलं होतं, आपल्या आकाशगंगेपलीकडं ताऱ्यांचे अफाट समूह आहेत, दीर्घिका. त्यांचा उजेड वाटेतल्या धुळीतून येतो, म्हणून त्या आहेत त्याहून मंद दिसतात. किती मंद, ते मोजावं लागतं.

ते लोकांना दाखवायचं म्हणून आम्ही दोघांनी युक्ती काढली. सारख्या वातीचे दोन कंदील. एकापुढं धूळ उडवायची. दुसऱ्याकडं काजळी धरलेल्या काचांतून बघायचं. दोन्ही सारखे मंद दिसेपर्यंत काच वाढवत जायची. जितक्या काचा लागतील, तितका उजेड धुळीनं खाल्ला. काचा मीच चुलीच्या धुरावर काजळल्या होत्या. बोटं पोळली होती.

आता देशमुखांचा मुलगा त्या वाटत होता आणि मी सूप हलवत होतो. धूळ नाकातोंडात जात होती.

तहसीलदारांनी एक काच लावली. दुसरी. तिसरी. कंदील मंद होईना. "या तर साध्या काचा आहेत," ते म्हणाले.

गुरुजींचा चेहरा उतरला. देशमुखांचा मुलगा त्यांच्याशी हळूच बोलला, ते ऐकून मला कळलं. विटाळ जावा म्हणून त्यांनी काचा देशमुखांच्या घरी गोमूत्रानं धुवायला दिल्या होत्या. विटाळाबरोबर काजळीही गेली.

गावानं मला रोज लांब उभं केलं. त्याचं एवढं लागलं नाही. हा माणूस माझा होता. त्यानं मला धुऊन टाकलं.

गुरुजी जवळ आले, हातभर अंतर राखून. हळूच म्हणाले, "धूळ थांबव. दोन्ही कंदील सारखे दिसू देत, माप जुळलं असं सांगू. आपली अब्रू राहील."

आपली.

मी सूप खाली ठेवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काचा तुम्ही धुतल्या, गुरुजी. खोटं माप मी दाखवणार न्हाय."

त्यांनी मला मुलगा म्हणणं तिथंच संपलं. माझं लांबून त्यांच्या पाया पडणंही.

दुसऱ्या दिवशी महारवाड्याच्या शाळेत मी नव्या काचा काजळल्या. पोरांच्या हातात दिल्या, डोळ्याला लावायला सांगितल्या. तेव्हापासून कुणी आम्हाला मंद म्हणालं की मी आधी विचारतो, मधी धूळ कुणी उडवली? आणि ती उडवायला सूप माझ्या हातात पुन्हा येणार नाही.