आयरीनचं माहेर

वासंतीवर गाव निवडायची वेळ आली ती साठी उलटल्यावर. पुणं सोडून ऑकलंडला यायचं मधुकरने ठरवलं, हिल्सबरोच्या उतारावरचं घर त्यानेच पसंत केलं, आणि दर नाताळात कुठल्या बीचवर जायचं हेही तोच एक्सेलमध्ये मांडून ठरवायचा. वासंतीने डबा करायचा आणि ‘तू म्हणशील तिथे’ म्हणायचं. फार्मसीत गिऱ्हाइकांना ठणकावून सांगणारी ही बाई घरात निवडीचा प्रश्न आला की अगदी गरीब गाय होऊन जाई. त्यात तिला काही खुपतही नव्हतं. ज्याला हौस आहे त्याने ठरवावं, असं तिचं साधं गणित होतं.

मधुकरला जाऊन तीन वर्षं झाली. मे महिन्यात बर्मिंगहॅमला भाची सुखदाचं लग्न निघालं, आणि लग्नानंतर परतीच्या विमानापर्यंत मध्ये तीन दिवस मोकळे राहिले. मुलगा सुयश म्हणाला, एवढ्या लांब जातेच आहेस तर एखादं शहर नीट बघून ये, फक्त कुठलं ते सांग, बुकिंग मी करतो. पोरगा गुणी, पण त्या ‘फक्त कुठलं ते सांग’मध्ये काय ओझं होतं, ते त्याला कळलं नाही.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. मराठी मंडळातल्या विभावरीने बाथची शिफारस केली. तिथे म्हणे रोमन लोकांची न्हाणीघरं आहेत. अर्धी पृथ्वी ओलांडून न्हाणीघर बघायचं, हे वासंतीला जरा चमत्कारिक वाटलं, पण ती मान डोलवत राहिली. सुयशच्या मते यॉर्क, कारण तिथे जुन्या तटावरून चालता येतं. सूनबाई नीलांबरीच्या मते ऑक्सफर्ड. नात ऋग्वेदाला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, “आजी, जस्ट पिक वन. इट्स स्वीट अ‍ॅज.” म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत, काहीही चालेल. वासंती रोज संध्याकाळी टॅबवर त्या गावांची चित्रं बघायची आणि प्रत्येक गाव छानच आहे, असं म्हणून टॅब मिटून ठेवायची.

मग एक दिवस आमटीला फोडणी घालताना तिला आयरीन आठवली, आणि आपण इतके दिवस डोकं कुठे ठेवलं होतं, असं तिला झालं.

आयरीन म्हणजे वरच्या अंगाची शेजारीण. तिचं घर चढावर, वासंतीचं खाली, मध्ये लाकडी कुंपण आणि उतरायला सिमेंटच्या पायऱ्या. वासंती नवीन राहायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ही उंच, गोरी बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. फोडणीच्या वासाची तक्रार असणार म्हणून वासंतीने मनात ‘सॉरी’ घोळवून ठेवलं. पण आयरीनने विचारलं, ती मोहरी आहे का? तिचं माहेर इंग्लंडातलं नॉरिच. तिचे वडील तिथल्या मोहरीच्या कारखान्यात होते, संध्याकाळी घरी येत तेव्हा कॉलरवर पिवळी पूड असे. वास तोच नाही, पण भावकीतला आहे, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली. त्या दिवसापासून वासंतीच्या मनात आयरीनचं इंग्रजी मराठीतच उमटू लागलं, आणि तेही ‘अगं-तूगं’तलं.

विशी गाठायच्या आतच लग्न करून आयरीन बोटीने या देशात आली ती आलीच. परत एकदाही गेली नाही. का, ते वासंतीला फार वर्षांनी कळलं. वासंतीचा भाऊ विवेक आणि वहिनी पुण्याहून येऊन महिनाभर राहिले होते. ते निघाले तेव्हा वासंतीने दारातच वहिनीची ओटी भरली. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आलेली आयरीन बघत राहिली आणि नंतर विचारू लागली, त्या बाईच्या पदरात तांदूळ का घातलेस? वासंतीने सांगितलं, आमच्यात घरची लेक-सून निघाली की तिला रिकाम्या पदराने जाऊ देत नाहीत. आयरीनने डब्याचं झाकण नीट बसवलं. “माझी आई वरच्या मजल्यावर खिडकीत उभी होती,” ती म्हणाली. “खाली आली नाही.” एवढ्या लांब जाणं आईला मान्य नव्हतं. रुसवा निघेल म्हणून आयरीन वाट बघत राहिली, आणि त्यातच आई गेली.

वासंतीच्या स्वतःच्या पदरात त्यानंतर फार काही पडलं नाही. मधुकर गेल्यावर मंडळाचं हळदीकुंकू तसंच चालू राहिलं. तिथल्या बायका शिकलेल्या, पुढारलेल्या, कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर. वासंतीला आग्रहाने बोलावतात, अत्तर लावतात, वाण देतात. पण ओटीचं ताट तिच्यापाशी आलं की सगळ्यांना एकदम स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवतं. कुणी वाईट नाही हो. धीर कुणाला होत नाही, इतकंच. वासंती हसून पाणी प्यायला उठते, आणि घरी येऊन त्याबद्दल कुणाशी बोलत नाही.

तर ठरलं, नॉरिच. आपल्या आवडीचं नव्हे, पण आपण निवडलेलं पहिलं गाव. ऑकलंडहून कुणी पुण्याला निघालं की आपल्याकडे आधी फोन फिरतात, काही पाठवायचंय का, काही आणायचंय का. कुणाच्या आईला गुडघ्याचा पट्टा पोचवायचा, कुणाच्या बहिणीकडून भाजणी आणायची. मैत्रिणीच्या माहेरच्या गावी जाऊन तिच्या घरावरून नुसतंच पुढे गेलं तर जन्मभराचा राग. त्यामुळे आयरीनला विचारावं, असं वासंतीच्या मनातही आलं नाही. माहेरी जायला कुणी परवानगी मागतं का? फोटो काढू, ती खिडकी शोधू, मोहरीचा डबा आणू, असे बेत करत ती पायऱ्या चढून वर गेली.

आयरीनने सगळं ऐकून घेतलं. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “त्यापेक्षा तू बाथला जा.”

आणि कारण विचारायच्या आत ती कप विसळायला उठली. वासंती घरी आली ती कानकोंडी होऊन. आपलं काय चुकलं, हे तिला कळेना, आणि चुकलंय एवढं मात्र नक्की कळत होतं. करायला गेले काय आणि झालं काय, असं म्हणत तिने टॅबवर नॉरिच उघडलं. बाजाराची रंगीत पट्ट्यापट्ट्यांची छपरं दिसली, कॅथेड्रलचा उंच कळस दिसला. मोहरीचा कारखाना शोधला, तर तो बंद झालेला. कामगारांचे फोटो होते, शेवटच्या दिवसाचे.

तेव्हा तिला विवेकचा व्हिडिओ आठवला. पुण्यातली त्यांची लहानपणची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. पाडकाम सुरू झालं तेव्हा विवेकने मोठ्या प्रेमाने गॅलरीसमोर उभं राहून शूटिंग करून पाठवलं, ‘ताई, बघ, आपलं घर.’ गणपतीत आलेला तो व्हिडिओ वासंतीने अजून उघडला नव्हता. विवेक दर फोनवर विचारायचा, आणि ती दरवेळी नेटवर्कला दोष द्यायची. व्हिडिओ उघडला नाही तोवर गॅलरीत आई अजून पापड वाळत घालत होती. हेच आपण आयरीनच्या दारात घेऊन गेलो होतो, तेही हसत हसत. वासंतीला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने सुयशला बाथ सांगितलं. त्याने लगेच हॉटेल घेतलं, आणि विभावरीला आपला सल्ला मानल्याचं फार बरं वाटलं. कारखान्याचं वासंतीने आयरीनला सांगितलं नाही. कुंपणावरून दोघी हवापाण्याचं बोलत राहिल्या, पण पहिल्यासारखं नाही. वासंतीला त्याचं दुःख होतं. न्हाणीघरांविषयी तिने काहीही वाचलं नाही.

निघायच्या दिवशी दुपारी ती बॅगेला कुलूप लावत होती. खिडकीतून दिसलं, आयरीन एक हात कठड्यावर ठेवून पायऱ्या उतरतेय. गुडघे धरल्यापासून तिने त्या पायऱ्यांचं नाव टाकलं होतं. भेटायचं तर वासंतीच वर जायची. आता तिच्या दुसऱ्या हातात फिजोआंनी भरलेली पिशवी होती. ही पेरूच्या भावकीतली हिरवी फळं या दिवसांत घराघरांत इतकी होतात की शेजाऱ्यांना वाटल्याशिवाय संपत नाहीत. वासंती धावत अंगणात गेली.

“बाथ बदलता येईल का अजून?” आयरीनने दम खात विचारलं.

येईल, वासंती म्हणाली, पण तुला आवडणार नाही अशा गावी मी जाणार नाही.

“कारखाना बंद झालाय, मला ठाऊक आहे. पेपरात वाचलं होतं. तू फोटो आणले असतेस तर सगळंच बंद झालं असतं.” आयरीन थांबली. “पण मग लक्षात आलं, माझ्या गावाला कुणीतरी निघालंय आणि मी वर खिडकीत उभी आहे. आईसारखी. म्हणून आले खाली.”

तिने पिशवी पायरीवर टेकवली.

“तू नॉरिचला जा. फोटो दाखवू नकोस. मी विचारीन तेवढंच सांग. विचारीनच असं नाही. आता तो अंगातला स्वेटर पुढे धर.”

वासंतीने आधी नीट न कळून, मग कळून, स्वेटरची खालची कड दोन्ही हातांनी पुढे धरली. आयरीनने एकेक करून फिजोआ त्यात घातली, घाई न करता, जणू हे ती कायम करत आली होती. कुणाची भरायची आणि कुणाची नाही, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. वासंतीचे डोळे वाहू लागले. पण दोन्ही हात ओटीत गुंतलेले, पुसणार कशाने?

आयरीनने आपल्या बाहीने ते पुसले.

“मे महिन्यात तिकडे बोचरा वारा असतो,” ती म्हणाली. “जाड कोट ने.”